डावीकडचा ब्रेक

माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. येत नाही म्हणजे लायसन्स होतं. गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या त्याच्या आधी बरीच वर्षं तो चालवतही होता. पण त्या सगळ्या वर्षांत ब्रेक मी दाबला, डावीकडे बसून. तिथं पेडल नसतं, नुसती चटई असते. तरी समोरचा ट्रक जवळ यायला लागला की माझा उजवा पाय खाली जायचा, तोंडातून "अरे, अरे" निघायचं आणि मग साहेबांना जाग यायची. माझ्या बाजूच्या चटईला टाचेनं भोक पडलं होतं आणि त्याच्या बाजूची चटई नव्यासारखी होती.

मग कायदा झाला. रस्त्यावर हातानं गाडी चालवायला बंदी आली. गाडीत बसायचं, कुठं जायचं ते सांगायचं आणि पेंगायचं. मी मनात म्हटलं, सुटले एकदाची. पण पुण्यातल्या रिकामटेकड्या पुरुषांना हे कसं सोसावं? त्यांनी फलटणच्या पुढं एका उजाड माळावर रेसिंगचा ट्रॅक बांधला आणि 'स्वहस्त मंडळ' नावाचं एक मंडळ काढलं. गाडी माणसानंच चालवली पाहिजे, यंत्रानं चालवणं हा पुरुषार्थाचा अपमान आहे, असं त्यांचं म्हणणं. या मंडळाचा सेक्रेटरी मकरंद शेटे हा आमच्या कौस्तुभचा, म्हणजे नवऱ्याचा, कॉलेजातला मित्र. त्याच्या नादाला लागून कौस्तुभनं एक पिवळी, दोन दारांची, जुनी परदेशी स्पोर्ट्स कार घेतली. पन्नाशी उलटलेला माणूस त्या गाडीत बसताना आधी एक पाय घालतो, मग "आई गं" म्हणतो, मग उरलेला ऐवज आत घेतो. हे मी रोज खिडकीतून बघत होते.

ट्रॅकवरच्या पहिल्या दिवसाची तयारी दोन महिने चालली. गाडीची तयारी मेकॅनिकनं केली. जुनं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा धरतं आणि तापलं की उकळतं, मग पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही, म्हणून ते बदललं. ब्रेक पॅड नवे घातले, चाकांचे नट आवळले. टायर तापले की आतली हवा फुगते, म्हणून ती आधीच थोडी कमी करायची असते, तीही त्यानंच केली. कौस्तुभ जवळ उभा राहून फोटो काढत होता. गाडीत सुटी वस्तू ठेवायची नाही असा नियम आहे, म्हणून डिकी मी रिकामी केली. छत्री, अष्टविनायकाच्या प्रसादाची पिशवी, माझीच हरवलेली एक चप्पल, सगळं बाहेर काढलं. स्वतःची तयारी मात्र त्यानं मन लावून केली. लाल बूट आले, पातळ तळव्याचे. हातमोजे आले. मानेचे व्यायाम सुरू झाले, म्हणजे सोफ्यावर बसून मान इकडून तिकडे करायची आणि मला चहा आण म्हणायचं.

आणि मग आलं 'चाहूल' नावाचं हेल्मेट.

हे नीट सांगावं लागेल. मी ऑडिऑलॉजिस्ट आहे. ऐकू येतं की नाही हे तान्ह्या बाळाला विचारता येत नाही, म्हणून त्याच्या डोक्याला तारा चिकटवायच्या आणि आवाज मेंदूपर्यंत पोचला का ते लहरींवरून बघायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळं या हेल्मेटात काय भानगड आहे ते मला चटकन कळलं. आपल्याला वाटतं, आपण पाय हलवायचं ठरवतो आणि मग पाय हलतो. तसं नसतं. हालचालीची तयारी मेंदूत आधीच सुरू झालेली असते, तिची एक लहर उठते. 'मी ठरवलं' हे आपल्याला त्यानंतर जाणवतं, आणि पाय हलतो त्याच्याही नंतर. सगळा मिळून अर्ध्या सेकंदाचा मामला. पण ताशी दोनशेच्या वेगात अर्ध्या सेकंदात गाडी दोन एसटी बस एकामागे एक उभ्या कराव्यात एवढं अंतर पुढं गेलेली असते. 'चाहूल' ती पहिली लहर पकडतं आणि ब्रेकला बसवलेल्या मोटरला परस्पर कळवतं. तुमचा पाय निघायच्या आत गाडी थांबायला लागलेली असते.

यंत्रानं गाडी चालवणं हा अपमान मानणाऱ्या मंडळातल्या झाडून सगळ्यांनी हे हेल्मेट घेतलं, हे वेगळं सांगायला नको.

यात अट एकच होती. ही लहर प्रत्येकाची वेगळी असते, तेव्हा हेल्मेटला आधी तुमचं डोकं शिकवावं लागतं. रोज संध्याकाळी ते घालून पडद्यासमोर बसायचं, पडद्यावर रस्ता धावतो, मधेच काहीतरी आडवं येतं, तुम्ही खोटं पेडल दाबायचं. पंधरवडाभर हे करायचं. मग तुमची लहर गाडीत नोंदली जाते. हेल्मेटं दोन मिळतात, एक चालवणाऱ्याचं आणि एक शिकवणाऱ्याचं. शिकवणारा शेजारी बसो की मैदानाबाहेर खुर्चीवर, चालवणाऱ्याला दिसतं ते त्यालाही हेल्मेटच्या काचेवर दिसतं. लहर कुठल्या हेल्मेटातून आली याच्याशी गाडीला देणंघेणं नसतं, लहर ओळखीची असली की झालं.

कौस्तुभ पहिल्या संध्याकाळी बसला. यंत्रानं तीनदा सांगितलं की आपलं लक्ष नाही. तो उठला आणि म्हणाला, ऋजू, तुला यातलं कळतं, तूच बस ना. मी म्हटलं, अरे, डोकं तुझं शिकवायचंय. तर म्हणाला, डोकं ते डोकं.

आणि मी बसले. हसू नका. ज्या घरात नवऱ्याचा इन्कम टॅक्स बायको भरते, त्याच्या पासपोर्टसाठी बायको रांगेत उभी राहते, त्याच्या फोनवर आलेला ओटीपी तो स्वयंपाकघरात ओरडून सांगतो, त्या घरात हे असंच होणार. परदेशातल्या ज्या कुठल्या कंपनीनं हे हेल्मेट बनवलं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल की कुणी आपलं डोकं शिकवायला बायकोला बसवेल. त्यांनी मराठी नवरा पाहिलेला नाही. मी मात्र पंधरा दिवस रोज संध्याकाळी पोळ्या आटपून खोटा ब्रेक दाबत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात मजाही येत होती.

ट्रॅकच्या दिवशी सकाळी पिवळ्या गाडीची पूजा झाली. बॉनेटवर स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, नारळ. तिथं सूचना देणाऱ्यानं सगळ्यांना सांगितलं की पोटभर खाऊ नका, पाणी प्या, पहिल्या फेऱ्या हळू मारा, आधी ट्रॅक पायी फिरून बघा. कौस्तुभनं मिसळ खाल्ली आणि खुर्चीत बसून बूट दाखवले. ट्रॅक मी फिरले, कारण मला ऊन खात बसायचा कंटाळा आला होता. लांबलचक सरळ पट्टा, त्याच्या शेवटी घोड्याच्या नालेसारखं एक वळण. वळणाच्या बाहेर खडीचं मैदान आणि त्याच्यामागे टायर रचून केलेली भिंत. मकरंद म्हणाला, वहिनी, इथं चुकलं तरी खडीत गाडी रुतते, कुणी मरत नाही.

पहिल्या खेपेला कौस्तुभनं मला शेजारी घेतलं. प्रेमानं नाही, व्हिडिओ काढायला. दुसरं हेल्मेट माझ्या डोक्यावर चढलं. सरळ पट्ट्यावर गाडी अशी सुटली की माझी पाठ सीटला चिकटली. वळण जवळ यायला लागलं, माझा उजवा पाय जुन्या सवयीनं चटईवर दाबला गेला, आणि गाडी जागेवर बसल्यासारखी झाली. वळण लोण्यातून गेल्यासारखं पार पडलं. पुढच्या फेरीला तेच. त्याच्या पुढच्या फेरीलाही. कौस्तुभ ओरडत होता की पायच लावावा लागत नाही, नुसतं मनात आणायचं. मी खाली पाहिलं. खरंच, त्याचा लाल बूट ब्रेकच्या जवळपासही नव्हता.

आम्ही परत आलो तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. पहिल्याच दिवशी इतका उशिरा ब्रेक, इतका नेमका, असं मंडळात कुणाला जमलं नव्हतं म्हणे. कौस्तुभ मित्रांना सांगत होता की हिला शेजारी घेऊन गेलो होतो, ओरडली नाही हेच खूप.

कंपनीतर्फे तिथं तेजू पाटोळे नावाची एक इंजिनिअर मुलगी होती. मला काकू म्हणायची, त्याचा मला जरा रागच आला होता. तिनं मला बाजूला बोलावलं आणि पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. उजव्या, म्हणजे चालवणाऱ्याच्या, हेल्मेटची रेघ सपाट होती, म्हणजे यंत्राला ओळखीचं काही तिथं सापडलंच नव्हतं. डाव्या हेल्मेटच्या रेघेला प्रत्येक वळणाआधी एक उंच टोक होतं. तिनं हळूच विचारलं, "काकू, शिकवायला कोण बसलं होतं?"

मी म्हटलं, "मीच."

तिनं कपाळाला हात लावला. मग नीट समजावून सांगितलं. गाडी माझी लहर ओळखते, त्याची नाही. सकाळपासून ब्रेक मी मारतेय. आणि खरी भीती ती नाही. खरी भीती ही की काकांना आता पाय न लावायची सवय झालीय. एकटे गेले तर मनात आणतील, पाय हलवणार नाहीत, आणि गाडी आहे त्या वेगानं वळणाबाहेर जाईल. मी खडीचं विचारलं. तेजू म्हणाली की त्या वेगाला खडी पुरत नाही, पुढं भिंत आहे.

मी सरळ कौस्तुभकडे गेले आणि मकरंदसमोरच सगळं सांगितलं. एकांतात सांगायला हवं होतं, असं नंतर मला दोघांनी ऐकवलं. पण तेव्हा त्याचा जीव वाचवायचा होता, त्याचा चेहरा नाही. मकरंद हसायला लागला. त्याबरोबर कौस्तुभचे कान लाल झाले. पुढच्या खेपेला एकटाच जातो, म्हणाला, म्हणजे कळेल सगळ्यांना. तेजूनं यंत्र बंद करून जा, पायानं ब्रेक मारा म्हणून विनवलं, तर म्हणाला की गाडी माझी, हेल्मेट माझं, डोकंही माझं. सेक्रेटरीनं मान डोलावली. मग तो माझ्याकडे वळला आणि शांतपणे बोलला. ओरडला असता तर मी विसरले असते.

"तू नुसती शेजारी बसली होतीस, ऋजू. आयुष्यभर तू तेच केलंस. शेजारी बसणं वेगळं आणि चालवणं वेगळं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसाच्या आईच्या औषधांपासून त्याच्या मोज्यांच्या जोड्यांपर्यंत सगळं मी चालवलं, आणि हा मिसळ खाऊन, लाल बूट घालून मला सांगतोय की मी शेजारी बसले होते. जा म्हटलं. जा एकटा.

तेजू मागोमाग धावत आली. डावं हेल्मेट माझ्या हातात देऊन म्हणाली की हे घालून इथं खुर्चीवर बसा, त्यांना दिसेल ते तुम्हाला दिसेल, वळण आलं की दाबा, बस्स. तिला वाटलं, मी दाबणारच. बायका दाबतातच.

हेल्मेट मी घातलं. कशासाठी ते सांगते. मला बघायचं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर ती भिंत येईल तेव्हा त्याला काय दिसतं ते मला त्याच्याच जागेवरून बघायचं होतं. काय होईल, गाडी मोडेल, बरगड्या मोडतील, तो माज मोडेल. याहून वाईटही होऊ शकतं हे मला माहीत होतं. तेजूनं स्वच्छ सांगितलं होतं आणि मी बहिरी नाही. तरी मी ठरवलं की यावेळी नाही. सवयीनं पाय दाबला जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दोन्ही पाय वर घेतले आणि घट्ट मांडी घालून बसले. हात पदरात गुंडाळले. तेजू बघतच राहिली.

पहिली फेरी टायर तापवायची असते, सगळ्या गाड्या एकामागे एक सावकाश फिरल्या. मग पुढची गाडी बाजूला झाली आणि सरळ पट्टा मोकळा दिसला. त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. माझ्या काचेवर माळ दोन्ही बाजूंनी मागं पळायला लागला. वळणाची पांढरी पाटी दिसली, मग भिंतीचे टायर वेगवेगळे दिसायला लागले. आता त्यानं मनात आणलं असणार, मी म्हटलं. आण. आण मनात. मी दाबणार नाही. नाही म्हणजे नाही.

आणि गाडी बसली. पुढं झुकली, वेग गळून पडला, वळण सकाळसारखंच अलगद गेलं.

मी खाली पाहिलं. मांडी तशीच होती. पाय हललेला नव्हता.

गाडी आत येऊन थांबली तेव्हा मी हेल्मेट काढलं. तेजू पडद्याजवळ उभी होती. तिनं बोट ठेवून मला दाखवलं. इथं टोक उठलंय, इथं गाडीनं ब्रेक धरलाय, आणि त्याच्या पुढं, हे बघा, इथं दुसरी लहर आहे. ही थांबवायची लहर असते. क्वचितच इतकी मोठी दिसते.

"काकू, तुम्ही नाही म्हणालात," ती म्हणाली. "अगदी जोरात म्हणालात. पण तोवर गाडीनं ऐकलं होतं."

मला काय वाटलं सांगू? आनंद नाही झाला. शरम वाटली, आणि ती त्याला मरायला सोडत होते याची नव्हती. मला विचारलंसुद्धा नाही, याची होती. निर्णय घ्यायला मी इतकी सजून बसले, मांडी काय घातली, हात काय बांधले, आणि आत कुणीतरी माझ्या आधीच उठून त्याचं काम करून टाकलं. त्याला प्रेम म्हणायचं की तीस वर्षांची अंगवळणी पडलेली सवय, हे त्या पडद्यावरून कळत नाही. मी तेजूला विचारलं, तीही नाही म्हणाली.

कौस्तुभ आला तो हेल्मेट काखेत मारून, हात उंच करून. गाडीचे ब्रेक तापलेले असताना हँडब्रेक ओढू नका असं सकाळी घसा फोडून सांगितलं होतं, तो ओढूनच आला. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "बघितलंस? एकटा."

मी तेजूकडे वळून म्हटलं, माझी लहर पुसून टाक या गाडीतून, आत्ता, माझ्यासमोर. ती म्हणाली की मालकाची परवानगी लागते. मी म्हटलं, डोक्याची मालकीण मी आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग दोन बटणं दाबली, आणि पडद्यावरची डावी रेघ पुसली गेली. मग मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला सांगितलं की आता गाडीत कुणाचंच डोकं नाही. यंत्र काही करणार नाही. पायानं ब्रेक मारायचा, पूर्वीसारखा. दुपारची शेवटची खेप बाकी आहे, जा.

मकरंद म्हणाला, हो हो, जा की, आता काय, तू तर एकटाच चालवतोस. बाकीचेही आग्रह करायला लागले. कौस्तुभ गाडीपाशी गेला. दार उघडलं. एक पाय आत घातला. "आई गं" म्हणाला नाही, नुसता तसाच वाकून उभा राहिला. मग पाय बाहेर काढून माझ्याजवळ आला आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलला.

"तू बसतेस ना शेजारी?"

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्या फेरीपासून माहीत होतं की नाही, देव जाणे, पण आत्ता माहीत होतं, आणि एकटा म्हणून हात उंच करतानाही माहीत होतं. त्याच्या तोंडाकडे मी नीट पाहिलं. घाबरलेला, घामेजलेला, मिसळीचा लाल डाग कॉलरवर पडलेला माणूस. तीस वर्षांत मला त्याची इतकी कीव कधी आली नव्हती, आणि इतकी किळसही.

मी म्हटलं, "नाही."

मंडळाची एक गाडी पुण्याला निघाली होती, आपली आपण चालणारी. मी तिच्यात जाऊन बसले. पिवळी गाडी संध्याकाळी ट्रेलरवर चढून घरी आली असं नंतर कळलं. शेवटच्या खेपेला तो गेला नाही. पोट बिघडलं असं त्यानं मंडळात सांगितलं.

गाडीत मी एकटीच होते. फलटण मागं पडलं, ऊन उतरलं, आणि मला बरं वाटायला लागलं. पुढं घाटाचं पहिलं वळण आलं. गाडीत स्टिअरिंग नाही, पेडल नाही, चालवणारा कुणी नाही, नवरा तर नाहीच. आणि माझा उजवा पाय खाली दाबला गेला. मी त्याला चांगली शिवी हासडली, वर घेतला आणि मांडी घातली.

पुढच्या वळणाला मांडीतल्या मांडीत तो पुन्हा ताठ झाला.